उच्च प्राथमिक वर्गांसाठी अभिजात वाङ्मयाची निवड : साखरा परिसराच्या संदर्भात

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या निर्णयाने भाषेच्या प्राचीनतेवर राजमुद्रा उमटली. परंतु त्या प्राचीन वैभवातील नेमके काय बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्या घरात पाठ्यपुस्तकावाचून दुसरे पुस्तक नाही, तेथील मुलासाठी शाळेने केलेली निवड हीच त्याची वाङ्मयाशी होणारी पहिली आणि पुष्कळदा अखेरची भेट ठरते. निवड चुकली तर ती दुरुस्त करणारे दुसरे कपाट त्याच्या आसपास नसते.

मराठीत मुलांसाठी केलेल्या निवडीचा इतिहास मुद्रणाच्या आरंभापर्यंत मागे जातो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ मराठीत आणला. मूळ फ्रेंच गोष्टी इंग्रजीच्या मार्गाने येथे आल्या आणि त्यांच्यासोबत बोधाची दृष्टीही आली. १८५४ मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘नवनीत’ हा प्राचीन कवितेच्या वेच्यांचा संग्रह सिद्ध केला. त्याने अनेक पिढ्यांना जुन्या कवितेची गोडी लावली, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि या दोन प्रयत्नांतून निवडीच्या दोन सवयी दृढ झाल्या. एक, पाठाच्या शेवटी तात्पर्य हवे. दोन, मोठ्या ग्रंथाचा सुबक तुकडा पुरे. तात्पर्य आधीच हाती पडल्याने मुलाचा विचार थांबतो, आणि तुकड्यामुळे मूळ कृतीचा घाट त्याला दिसत नाही.

या दोन सवयींना पर्याय म्हणून तीन कसोट्या सुचविता येतात. पहिली, कृती लहान असली तरी स्वयंपूर्ण असावी. दुसरी, तिच्यात असा एखादा प्रश्न असावा की ज्याचा निर्णय वाचकालाच करावा लागेल. तिसरी, तिची भाषा मोठ्याने वाचली असता कानाला आपली वाटावी, मग काही शब्द अपरिचित असले तरी चालतील. भाषेचा सोपेपणा आणि लेखकाची कीर्ती यांचा समावेश या कसोट्यांत हेतुपुरस्सर केलेला नाही.

सहावीच्या वर्गासाठी केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’चा विचार करता येईल. या महानुभावीय ग्रंथात ११४ दृष्टान्त असून प्रत्येकाची रचना सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी त्रिपदरी आहे. सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे, तर त्यांचा मेळ घालून दाखविणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहण्याचा प्रसिद्ध दृष्टान्त यातच आहे. शिक्षकाने सूत्र व दृष्टान्त वाचून दाखवावे, दार्ष्टान्तिक मात्र झाकून ठेवावे आणि ते मुलांना लिहावयास सांगावे. त्यानंतर केसोबासांचे उत्तर उघडावे. ग्रंथाच्या रचनेतच अध्यापनाची रीत दडलेली असल्याचे यातून स्पष्ट होईल.

सातवीसाठी नामदेवांच्या चरित्रातील थापटण्याचा प्रसंग घ्यावा. साखऱ्याच्या मुलांना नामदेव परके नाहीत. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी शेजारच्या हिंगोली तालुक्यातच आहे. परंतु केवळ ‘आपल्या जिल्ह्याचे’ म्हणून केलेली निवड अभिमानापाशीच थांबते. ज्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, त्या संताला परंपरेने एका प्रसंगी ‘कच्चे मडके’ ठरविले आहे, आणि वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्व आहे ते याला. गोरोबा कुंभार मडकी पारखण्याच्या थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहतात. सूचना मुक्ताबाईची, म्हणजे मंडळीतील सर्वांत धाकट्या मुलीची. इतर जण मुकाट्याने सोसतात, नामदेव रागावतात आणि कच्चे ठरतात. पुढे ते विसोबा खेचरांकडे जातात. परंपरेने ही भेट औंढा नागनाथाशी जोडली जाते. तेथे पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा त्यांना सांगतात की, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव.

‘गुरूवाचून ज्ञान नाही’ एवढे तात्पर्य काढले की ही कथा संपते. वस्तुतः तिच्यात प्रश्न शिल्लक राहतात. विनाकारण मार बसला असता रागावणे हे कच्चेपण आहे काय? चारचौघांत कमी लेखले गेल्यावर माणसाने काय करावे? ज्याची परीक्षा दर महिन्यास होते, त्या मुलाला हा प्रश्न स्वतःचा वाटल्यावाचून राहणार नाही. वर्गात सर्व धर्मांची व जातींची मुले बसतात. म्हणून ही कथा उपासना म्हणून नव्हे, तर माणसाच्या पारखीची कथा म्हणून वाचली जाणे अगत्याचे आहे.

आठवीसाठी १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा मुक्ताबाईंचा निबंध सुचवावासा वाटतो. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातील मुलगी त्या वेळी सुमारे चौदा वर्षांची होती. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न ती विचारते आणि शेवटी आपल्याच बांधवांना विद्येकडे वळण्याचे आवाहन करते. अभिजात वाङ्मय वडीलधाऱ्यांनीच लिहावयाचे असते, हा समज या निबंधाने आपोआप गळून पडतो. विषय जातीचा आहे म्हणून तो टाळावा, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु गावातील मूल जात पुस्तकातून शिकत नाही. ती त्याला आधीच ठाऊक असते. तिच्याविषयी विचारपूर्वक बोलण्याची भाषा मात्र पुस्तकच देऊ शकते.

राहिला आक्षेप जुन्या भाषेच्या काठिण्याचा. भजन, हरिपाठ व कीर्तन यांतून जुनी मराठी ग्रामीण मुलांच्या कानांवर पडत असते. डोळ्यांना अडणारा शब्द कानाला पुष्कळदा अडत नाही. म्हणून कृतीचे सोपे रूपांतर करण्याआधी ती दोनदा मोठ्याने वाचावी आणि मोजक्या शब्दांचे अर्थ फळ्यावर द्यावेत. रूपांतर हा शेवटचा उपाय होय.

सारांश, साखऱ्यासारख्या गावात तीन वर्षांत तीनच अभिजात कृती पूर्णपणे वाचल्या गेल्या तरी ती निवड अपुरी म्हणता येणार नाही. आजच्या मुलाने ज्यांचे उत्तर स्वतः शोधावे असे प्रश्न त्या कृतींत आहेत किंवा नाहीत, यावरच त्या निवडीचे यश अवलंबून राहील.