विज्ञानकथेतील त्सुनामी आणि ऊर्जेचा हिशेब

विज्ञानकथेतील कल्पना वाचकाला शक्य वाटली पाहिजे, हे तुम्ही जाणताच. ही शक्यता कशी पडताळावी, याचे एक उदाहरण येथे पाहू.

समजा, पूर्णा येथील एखाद्या विद्यार्थ्याने कथा लिहिली : अरबी समुद्राच्या तळाशी भूकंप होतो आणि कोकणावर त्सुनामी येते. समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून दूर आहे. परंतु हिशेबासाठी तो पाहिलेला असण्याची गरज नाही. कल्पनेला आधारही आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळ सुमारे ८.१ महत्तेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या आणि तेथेही माणसे दगावली.

त्सुनामीची आरंभीची ऊर्जा म्हणजे वर उचलल्या गेलेल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा. पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण, क्षेत्रफळ आणि उंचीचा वर्ग यांचा गुणाकार करून तो निम्मा करावा. कथेत १०० किमी लांब व ५० किमी रुंद पट्ट्यावरील पाणी २ मीटर उचलले गेले असे मानू. घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम आणि त्वरण स्थूलमानाने १० धरले, तर उत्तर येते १ वर १४ शून्ये इतके जूल. येथे उंचीचा वर्ग होतो, हे विसरू नका. थरार वाढावा म्हणून लेखकाने २ चे २० मीटर केले, की ऊर्जा शंभरपट होते. मग त्या कथेतला भूकंपही बदलावा लागतो. शिवाय ही उंची उगमाजवळची आहे. खोल समुद्रातील जहाजाला ती जाणवतही नाही. किनाऱ्याशी पाणी उथळ झाले की लाट मंदावते आणि उंचावते.

आता भूकंपाकडे वळू. महत्तेला १.५ ने गुणून ४.८ मिळवावे, येणारी संख्या हा १० चा घातांक, आणि उत्तर जूलमध्ये. ८ महत्तेसाठी ही ऊर्जा आपल्या लाटेच्या सुमारे सहाशेपट भरते. म्हणजे भूकंपलहरींच्या तुलनेत लाटेच्या वाट्याला फार थोडे येते.

हेच सूत्र ६.२ ला लावून पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाची ही महत्ता. उत्तर आपल्या काल्पनिक लाटेच्या ऊर्जेएवढेच, किंचित अधिक येते. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. कारण भूकंप उथळ होता, घरे दगडमातीच्या जाड भिंतींची होती आणि माणसे झोपेत होती. यांपैकी एकही गोष्ट जूलमध्ये मोजता येत नाही. मराठवाड्यातील वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच केवळ आकड्यांनी भय निर्माण करू पाहणारी कथा त्याला पोकळ वाटते.

भाषेचाही एक मुद्दा आहे. वृत्तपत्रे सर्रास '६.२ तीव्रतेचा भूकंप' असे लिहितात. महत्ता ही उगमाची, एकच संख्या. तीव्रता गावोगावी निराळी. कथेतील शास्त्रज्ञाच्या तोंडी ही गल्लत आली, तर ते पात्रच खोटे पडते. सामान्य पात्राच्या तोंडी मात्र 'तीव्रता' हाच शब्द स्वाभाविक ठरेल.

स्वाध्याय : २०० किमी लांब व ५० किमी रुंद पट्ट्यावरील पाणी १ मीटर उचलले गेल्यास लाटेची ऊर्जा किती, ते काढा. नंतर ती लाट किनाऱ्यास लागतानाचा प्रसंग 'प्रचंड', 'महाकाय' आणि 'अक्राळविक्राळ' हे शब्द न वापरता दहा ओळींत लिहा.