भाच्यासाठी कानमंत्र : रुग्णालयाची वीज

बाळा, एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या मेंटेनन्सचा तू इन्चार्ज झालास, मामाची मान ताठ झाली. आता खरेदीची घाई करू नकोस. आधी इमारत पायाखाली घाल, आणि हे एवढं ऐकून ठेव.

१. पहिल्याच आठवड्यात एकदा रात्री तीनला फेरी मार – ओपीडी बंद, ऑफिसं बंद, तरी काय काय चालू आहे ते तेव्हाच दिसतं. दिवसा मीटर बढाया मारतो, रात्री खरं बोलतो. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही फिरताना डोक्यात असू दे.

२. ओटीचा एएचयू (हवा पुरवणारं यंत्र) रात्री पार बंद करून बचत दाखवायचा मोह आवर – आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहिला नाही, तर कॉरिडॉरची हवा सरळ टेबलापर्यंत येते. व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, पंख्याचा वेग उतरव, पण प्रेशर गेजवर डोळा ठेवून आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना विचारून. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात चालते. वेग २० टक्के उतरवलास की वीज जवळजवळ निम्मी. लहानपणी घन पाठ करताना रडायचास ना, त्याचाच हा पगार.

३. सर्जन "अजून थंड करा" म्हणाले की लगेच सेटिंग खाली ओढू नकोस, आधी आर्द्रता बघ – काटा ६० टक्क्यांच्या वर असेल तर २१ अंशांतही गाऊनमध्ये घाम फुटतो. वाद मात्र घालू नकोस. त्यांच्या हातात सुरी असते.

४. फिल्टर कॅलेंडर बघून नाही, दाबातला फरक बघून बदल – लवकर बदललास तर पैसे वाया, उशिरा बदललास तर पंखा धापा टाकतो.

५. चिलरच्या लॉगबुकात नुसतं "ओके" लिहू देऊ नकोस, कंडेन्सरचा अप्रोच (रेफ्रिजरंट आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानातला फरक) आकड्यात लिहून घे – नळ्यांत क्षार चढले की तो हळूहळू वाढतो आणि कॉम्प्रेसर मुकाट्याने जास्त वीज खातो. हिवाळ्यात थंड पाण्याचं तापमान एखादा अंश वर घे, अंशामागे दोन-तीन टक्के सुटतात. पावसाळ्यात हा शहाणपणा नको. हवेतला दमटपणा काढायला पाणी थंडच लागतं.

६. सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग) आणि लाँड्रीतले स्टीम ट्रॅप दर महिन्याला तपास – अडकलेल्या ट्रॅपमधून वाफ पाइपातल्या पाइपात निसटते, कुणाला दिसतही नाही. गळक्या नळीला रविवार नसतो.

७. चिलर जी उष्णता टॉवरवर उधळतो, तिच्यावर गरम पाणी निघतं का ते बघ. पण साठवणीची टाकी ६० अंशांखाली उतरू देऊ नकोस – कोमट टाकीत लिजिओनेला सुखाने वाढतो.

८. मॅनिफोल्डवर, म्हणजे पाइपलाइनला वायू पुरवणाऱ्या सिलिंडरांच्या रांगेत, नायट्रस ऑक्साइडचे किती सिलिंडर रिकामे झाले आणि भूलतज्ज्ञांनी खरोखर किती वापरला, याचा मेळ घाल – हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापदायक आहे, आणि गळला तरी मीटरला त्याची खबर नसते. स्कॉटलंडमधल्या रुग्णालयांनी असा हिशेब मांडला, तेव्हा पाइपलाइनीतला बहुतेक वायू रुग्णापर्यंत पोचतच नव्हता असं निघालं. मग त्यांनी मॅनिफोल्ड बंद करून भुलीच्या मशीनवरच छोटे सिलिंडर लावायला सुरुवात केली. तुझ्याकडे तो निर्णय डॉक्टरांचा. हिशेब मात्र तू समोर ठेव.

९. वॉर्डातल्या मावशींशी गोडीत राहा – एसी चालू असताना कुठली खिडकी उघडी असते आणि का, हे तुझ्या बीएमएसच्या (इमारतीवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या) पडद्याला कळत नाही, त्यांना कळतं. बहुतेक वेळा त्या खोलीत कसलातरी वास येत असतो, आणि एक्झॉस्ट बंद पडलेला असतो.

१०. उद्याची ओटी लिस्ट आजच मागून घे – कुठलं थिएटर किती वाजेपर्यंत रिकामं आहे ते कळल्याशिवाय वेग उतरवणार कसा? सहानंतर फोन केलास तर सिस्टर ओरडतील. चारच्या चहाला स्वतः जा, आणि बिस्किटं ने.