शेवंतीच्या झाडाची पूर्ण वाढ आणि लागणीचा काळ

शेवंतीची काशी लावतेवेळी जेमतेम वीतभर असते. वाफा मोकळा दिसतो, जमीन वाया जाते असे वाटते, आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी काश्या दाट लावल्या जातात. नवरात्राच्या सुमारास तोच वाफा एकमेकांत गुंतून जातो. खालच्या पानांना ऊन व वारा मिळत नाही, ती ठिपके पडून गळतात, आणि पावसाची एखादी जोराची सर आली की फुलावर आलेली झाडे लोळतात. याच्या उलट, उशिरा लावलेली शेवंती ऐसपैस अंतरावर ठेवल्याने निम्मी जमीन उघडीच राहिल्याचेही दिसते. दोन्ही ठिकाणी नुकसान होण्याचे कारण एकच. झाड शेवटी किती मोठे होणार याचा अंदाज लागणीपूर्वी घेतला गेलेला नसतो.

शेवंतीचे झाड जातीप्रमाणे साधारणपणे ४५ ते ९० सेंटिमीटर उंच होते, असे सांगण्याचा प्रघात आहे. ते खोटे नाही. परंतु एवढ्यावरून शेतकऱ्याला अंतर ठरविता येत नाही. एकाच जातीच्या काश्या एकाच शेतात मे महिन्यात आणि ऑगस्ट महिन्यात लावून पाहाव्यात. मे महिन्यातील झाड कमरेपर्यंत येऊन अनेक फांद्यांनी भरून जाईल. ऑगस्टमधील झाड गुडघ्याच्याही खाली राहील. तरीही दोन्ही झाडांना फुले मात्र बहुधा थोड्याच दिवसांच्या अंतराने येतील. म्हणजे झाडाचा आकार जातीइतकाच लागणीच्या तारखेवर अवलंबून असतो.

याचे कारण दिवसाच्या लांबीत आहे. पुण्याच्या आसपास २१ जूनला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास तो बारा तासांवर येतो व २२ डिसेंबरला अकरा तासांपर्यंत उतरतो. दिवस मोठा व रात्र लहान असते तोवर शेवंती पाने, पेरे आणि फांद्या वाढवीत राहते. रात्र एका ठराविक मर्यादेपलीकडे लांबली की शेंड्याचे काम बदलते. तेथे नवे पान निर्माण होण्याऐवजी कळी धरू लागते. त्यानंतर जी उंची वाढते ती मुख्यतः आधी तयार झालेली पेरी लांबल्यामुळे. कळी धरल्यापासून फूल उमलण्यास बहुतेक जातींना आठ ते दहा आठवडे लागतात. काहींना यापेक्षा कमी, काहींना अधिक. रात्री फार उष्ण राहिल्या तर हा काळ लांबतो.

हा नियम प्रथम स्पष्टपणे मांडला तो अमेरिकेच्या शेती खात्यातील गार्नर व अॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी, १९२० साली. त्यांनी बिलोक्सी नावाच्या सोयाबीनची पेरणी काही काही दिवसांच्या अंतराने केली होती. पेरण्या वेगवेगळ्या वेळी झाल्या तरी झाडे फुलावर आली ती जवळजवळ एकाच सुमारास, सप्टेंबरमध्ये. लवकर पेरलेली झाडे मोठी आणि उशिरा पेरलेली लहान, एवढाच काय तो फरक उरला. शेवंतीची प्रकृती अशीच आहे.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. "महिनाभर आधी लावली म्हणजे फुले महिनाभर आधी, दसऱ्याला मिळतील," असे अनेकजण धरून चालतात. उघड्या शेतात तसे होत नाही. दसऱ्याला फूल हवे असेल तर लवकर फुलणारी जातच निवडावी लागते. आधी लावल्याने झाड मोठे मिळते, फूल आधी मिळत नाही. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस अजून लहान असताना काश्या लावल्यास कोवळ्या रोपालाच अकाली कळी येण्याचा संभव असतो. अशी कळी खुडून टाकावी.

एप्रिलअखेर ते मे महिन्यात लागण केल्यास पहिले तीन-चार आठवडे वाढ फारशी दिसत नाही. त्या काळात झाड मुळे धरीत असते. घाईने नत्रखताची मात्रा वाढवू नये. पाऊस सुरू झाल्यावर वाढीला वेग येतो. अशा लागणीसाठी ६० × ३० सेंटिमीटर अंतर योग्य होय. या अंतराने गुंठ्यास सुमारे ५६० आणि हेक्टरी ५५,५५५ झाडे बसतात. जून-जुलैच्या लागणीस, विशेषतः ठेंगण्या जातींना, ३० × ३० सेंटिमीटर अंतर पुरते. तेव्हा झाडांची संख्या दुप्पट होते व काश्याही दुप्पट लागतात. उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर मेची लागण करून झाडे सुकविण्यापेक्षा जूनची दाट लागण पत्करावी, असे आमचे मत आहे.

लागणीनंतर सुमारे चार आठवड्यांनी शेंडा खुडावा. त्यामुळे उंची आटोक्यात राहते आणि बाजूचे फुटवे फुटून झाड रुंदावते. मात्र कळी धरण्याच्या तोंडावर खुडणी करू नये. नव्या फुटव्यांना वाढण्यास अवधीच उरत नाही व फुले आखूड दांड्यांवर येतात. उंच जातींना काठीचा आधार द्यावा. खुडणी व आधार यांवाचून आटोपशीर राहणाऱ्या ठेंगण्या जाती लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने तयार केलेल्या आहेत. कुंड्यांसाठी त्या सोयीच्या आहेत.

येथे विजेच्या दिव्याविषयी सांगणे जरूर आहे. विहिरीवर किंवा गोठ्यावर रात्रभर दिवा जळत असेल तर त्याच्या उजेडातील ओळी इतर शेवंती फुलली तरी हिरव्यागारच राहतात, कारण त्यांच्या लेखी रात्र लांबलेलीच नसते. खत कमी पडले किंवा रोग आला असे समजून अशा ओळींवर फवारण्यांचा खर्च होतो. ऑगस्टपासून तो दिवा रात्री मालवावा किंवा आडोसा करावा. पॉलिहाऊसमधील बागायतदार हेच तत्त्व मुद्दाम वापरतात. रात्री दिवे लावून झाड हवे तेवढे वाढवितात आणि मग काळे कापड पसरून त्यास कळीवर आणतात.

आपल्या जमिनीत झाड किती वाढते हे पाहण्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक लागणीतील पाच झाडांना खूण करावी आणि दर पंधरा दिवसांनी त्यांची उंची व घेर काठीने मोजून लागणीच्या तारखेसह लिहून ठेवावा. कळी दिसल्याची तारीखही नोंदवावी. दोन हंगामांच्या नोंदींवरून त्या गावापुरते अंतर ठरविता येते.

फुले संपल्यावर झाडे जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर कापून हलके पाणी द्यावे. जानेवारी-फेब्रुवारीत बुडाभोवती नव्या काश्या येतात. जुना गड्डा जागीच ठेवल्यास मध्यभाग लाकडासारखा होतो, कडेने बारीक फुटव्यांची गर्दी होते व फूल लहान येते. म्हणून चांगल्या झाडांच्या बाहेरील जोमदार काश्या वेगळ्या वाफ्यात लावून सावलीत जपाव्यात आणि पुढील लागण त्यांचीच करावी.