अहल्या : एका नावाचा अर्थ

गेल्या वर्षी आठवीतील एक मुलगी खालमानेने आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, शाळेच्या दप्तरातले माझे नाव बदलता येईल का?" तिचे नाव अहिल्या. वर्गातील काही मुले तिला 'शिळा' म्हणून चिडवीत असत. तिला त्या दिवशी जे सांगितले, तेच आज येथे सर्वांपुढे ठेवीत आहोत.

मूळ संस्कृत शब्द 'अहल्या'. मराठी बोलण्यात त्याचे 'अहिल्या' झाले. दोन्ही रूपे रूढ आहेत. मात्र दाखल्यावर एकदा जे लिहिले, तेच सर्वत्र लिहावे. 'हल' म्हणजे नांगर; जिला नांगर लागला नाही अशी भूमी ती अहल्या, असा एक अर्थ करतात. रामायणाच्या उत्तरकांडात दुसरा अर्थ आहे : 'हल' म्हणजे कुरूपता, जिच्या ठायी तिचा लवलेशही नाही, ती अहल्या. यांपैकी कोणत्याही अर्थात दगड नाही.

मग शिळा आली कोठून? वाल्मीकींच्या बालकांडात गौतमांच्या शापाने अहल्या दगड होत नाही. वायू भक्षून, भस्मात पडून, कोणाच्याही दृष्टीस न पडता ती आश्रमात तप करते. राम येताच ती पुन्हा दिसू लागते, आणि राम-लक्ष्मणच तिचे पाय धरतात! शिळेची कथा पुढील काव्यपुराणांनी रूढ केली. कालिदासाच्या 'रघुवंशा'तही ती आढळते. आमच्या कोंकणी घरात आजी पहाटे पंचकन्यांचे स्मरण करी, त्यात पहिले नाव अहल्येचेच असे.

या नावाला इतिहासानेही तेज दिले. 1725 मध्ये चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी पती, सासरे आणि पुत्र यांच्या मृत्यूनंतर 1767 पासून 1795 पर्यंत राज्य सांभाळले. महेश्वरी नर्मदेचे घाट बांधले. काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. इंदूरच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे, आणि 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले.

त्या मुलीने नाव बदलले नाही. यंदा तिने वहीवर ते ठळक अक्षरांत लिहिले आहे. मित्रहो, कोणाच्या नावाची थट्टा करण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारावा. आणि आपल्या नावाची लाज वाटली, तर आधी त्याचा इतिहास शोधावा.