‘करणार होतो, पण राहिलं’ हे गिऱ्हाइकाला इंग्रजीत कसं सांगाल?



धंद्यात रोज काहीतरी राहतंच. कोटेशन पाठवायचं राहतं, फोन राहतो, सॅम्पल कुरिअरला द्यायचं राहतं. गिऱ्हाईक मराठी असेल तर ‘अहो, करणारच होतो’ म्हणून आपण वेळ निभावून नेतो. पण समोरचा बंगळुरूचा किंवा दुबईचा असला, की तेच वाक्य इंग्रजीत आणताना गडबड होते. आणि ती नुसती व्याकरणाची गडबड नसते, थेट ऑर्डरवर येते.

सगळ्यात महाग पडणारी चूक आधी बघू. समजा तुम्ही कापडी पिशव्या शिवता. सोमवारी सॅम्पल पाठवायचं होतं, राहून गेलं. तुम्ही मेसेज टाकता, ‘आय हॅड टू सेंड द सॅम्पल ऑन मंडे.’ तुमच्या मनात अर्थ आहे ‘पाठवायचं होतं’. वाचणारा मात्र बहुधा समजतो ‘सोमवारी पाठवावं लागलं’, म्हणजे पाठवलं! तो कुरिअरची वाट बघतो, दोन दिवसांनी ट्रॅकिंग नंबर मागतो, आणि तुम्ही थाप मारली असं त्याला वाटतं. ‘करायचं होतं’ आणि ‘करावं लागलं’ यात मराठीत केवढा फरक आहे बघा. ‘हॅड टू’ हे दुसऱ्याचं इंग्रजी आहे, पहिल्याचं नाही.

मग पहिल्यासाठी काय? ‘वॉज गोइंग टू’. आपल्या ‘करणार होतो’ला हे अगदी चपखल बसतं. ‘आय वॉज गोइंग टू सेंड द सॅम्पल ऑन मंडे, बट द प्रिंटिंग गॉट डिलेड.’ पुढचं ‘बट’ आणि खरं कारण गाळू नका, नाहीतर वाक्य अर्धवट लोंबकळतं. बरेच जण इथे ‘आय वॉज थिंकिंग टू सेंड’ म्हणतात. ते चुकीचं आहे. ‘थिंकिंग ऑफ सेंडिंग’ हवं, पण त्यात नुसता विचार दिसतो, तयारी दिसत नाही. धंद्यात ‘गोइंग टू’च बरं.

काम विसरलात तर ‘मेंट टू’ वापरा. ‘आय मेंट टू कॉल यू यस्टरडे, बट इट स्लिप्ड माय माइंड.’ म्हणजे करायचं मनात होतं, डोक्यातून निसटलं. हे ‘मीन’चं भूतकाळाचं रूप, उच्चार ‘मेंट’, ‘मीन्ट’ नाही. आणि बरेच दिवस मनात घोळतंय पण होत नाहीये, असं असेल तर ‘आय हॅव बीन मीनिंग टू कॉल यू.’ सहा महिने न बोललेल्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावताना पहिलं वाक्य म्हणून हे फार छान जातं.

‘आय वॉज जस्ट अबाउट टू कॉल यू’ म्हणजे ‘आत्ता करणारच होतो’. खरं असेल तरच म्हणा. ही सबब सगळ्या जगाला पाठ आहे!

‘सपोज्ड टू’ मात्र जपून. यात ‘ठरलं होतं, अपेक्षा होती’ असा अर्थ येतो. ‘द फॅब्रिक वॉज सपोज्ड टू कम ऑन फ्रायडे’ म्हणजे कापड शुक्रवारी यायचं ठरलं होतं, आलं नाही. तुमच्या सप्लायरकडून उशीर झाला, तर दोष कुणाचा हे आरडाओरडा न करता कळतं. पण ‘आय वॉज सपोज्ड टू सेंड इट’ म्हटलंत, की जबाबदारी तुमचीच होती हे तुम्ही मान्य केलंत. ते खरं असेल तर बेधडक म्हणा. शेवटचा ‘ड’ बोलताना जवळजवळ गिळला जातो, लिहिताना हवाच.

‘नेव्हर गॉट अराउंड टू इट’, म्हणजे ‘ते करायचं राहूनच गेलं’, हे ओळखीच्यांत ठीक आहे. नव्या पार्टीला लिहू नका, निष्काळजी वाटतं.

यातलं काहीही म्हणा, लगेच पुढची वेळ द्या. ‘आय विल सेंड इट बाय फाइव्ह टुडे.’ ‘बाय’ म्हणजे पाचच्या आत. इथे ‘टिल फाइव्ह’ चालत नाही.

आता वहीत हे लिहून बघा: ‘काल तुम्हाला रेट पाठवणार होतो, पण लाइट गेली. दुपारी दोनपर्यंत पाठवतो.’

उत्तर: ‘आय वॉज गोइंग टू सेंड यू द रेट्स यस्टरडे, बट वी हॅड अ पॉवर कट. आय विल सेंड देम बाय टू पी.एम.’