विशाल स्मृतीची आभासी यंत्रे : नियोजन आणि दक्षता

एकाच मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालविण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. अशा संगणकास आभासी यंत्र म्हणतात. त्या काळी पत्ता २४ बिटांचा असल्याने आभासी यंत्रास १६ मेगाबाइटांपलीकडे स्मृती देता येत नसे. आज मोठ्या माहितीसंचासाठी एकाच यंत्रास टेराबाइटहून अधिक स्मृती द्यावी लागते. मात्र केवळ आकडा वाढविल्याने कार्यभाग साधत नाही.

पत्त्याची मर्यादा

स्मृतीतील प्रत्येक बाइटास स्वतंत्र पत्ता असतो. लिनक्सवर प्रचलित असलेल्या क्यूईएमयू प्रणालीच्या मूळ मांडणीत हा पत्ता सामान्यतः ४० बिटांचा, म्हणजे १ टेराबाइटापुरता असतो. त्याहून मोठे यंत्र उभारताना यजमान संगणकाच्या प्रोसेसरइतकीच पत्त्याची रुंदी द्यावी, अशी स्पष्ट सूचना प्रणालीस द्यावी लागते.

पानांचा हिशेब

स्मृतीची विभागणी पानांत होते. नेहमीचे पान ४ किलोबाइटांचे. त्या मापाने १ टेराबाइटाची २६,८४,३५,४५६ पाने होतात. प्रत्येक नोंदीस ८ बाइट धरल्यास नुसत्या नोंदवहीलाच २ गिगाबाइट लागतात. शिवाय आभासी यंत्राची आणि यजमानाची अशा दोन वह्या पाहाव्या लागत असल्याने एका पत्त्याच्या शोधासाठी प्रसंगी २४ वेळा स्मृती वाचावी लागते. पान २ मेगाबाइटांचे केल्यास संख्या ५,२४,२८८ वर येते. १ गिगाबाइटाचे केल्यास अवघी १,०२४ उरते. ही मोठी पाने यजमान सुरू होतानाच राखून ठेवावीत. पुढे सलग जागा मिळणे दुरापास्त होते.

जवळची आणि दूरची स्मृती

अनेक प्रोसेसरांच्या संगणकात प्रत्येक प्रोसेसराजवळ स्वतःची स्मृती असते. दुसऱ्याच्या स्मृतीपर्यंत जाण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून मोठ्या यंत्राचे प्रोसेसर व स्मृती शक्यतो एकाच गटात ठेवावेत. ते शक्य नसल्यास गटांची खरी रचना आभासी यंत्रास कळू द्यावी.

अंथरूण पाहून पाय

अनेक यंत्रांना मिळून प्रत्यक्षाहून अधिक स्मृती कबूल करण्याची प्रथा लहान यंत्रांच्या बाबतीत चालून जाते. येथे ती घातक ठरते. स्मृती संपताच लिनक्स सहसा सर्वाधिक स्मृती व्यापणारी प्रक्रिया बंद करते, आणि ती नेमकी हेच महत्त्वाचे यंत्र असण्याचा संभव मोठा. यास्तव यजमानाच्या स्वतःच्या कामासाठी काही स्मृती आधीच बाजूस ठेवावी.

स्थलांतराचाही विचार हवा. सेकंदास १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर १ टेराबाइट हलविण्यास किमान १५ मिनिटे लागतात. स्मृती सतत बदलत असल्यास त्याहूनही अधिक. रुग्णालयाच्या नोंदी किंवा आरक्षणाचे काम ज्या यंत्रावर चालते, ते अडल्यास रांगेतील नागरिक खोळंबतो. म्हणूनच हा हिशेब यंत्र सुरू करण्यापूर्वी, किंबहुना खरेदीपूर्वीच, होणे अगत्याचे आहे.