घागरीच्या तळचा थर

पाण्याची घागर चार दिवस घांसली नाहीं, तर तिच्या आंत बुळबुळीत थर बसतो, हें ईटच्या घरोघरीं ठाऊक आहे. स्वतःच्याच चिकट स्रावांत एकमेकांस बिलगून राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंची ती वस्ती होय. शास्त्रांत तीस जैवपटल म्हणतात. अशा वस्तींतील बहुतेक जंतु निरुपद्रवी असतात, पण सर्वच नव्हेत.

पूर्वीं पंढरीच्या वारींत ज्या पटकीनें असंख्य बळी घेतले, तिचा जंतु पाण्यांतील बारीक जीवांस चिकटून असाच थर करून राहतो. सुटा जंतु जठरांतील आम्लानें बहुधा मरतो, थरांतला तगतो. इतकेंच नव्हे, तर २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, थर मोडून सुटे केलेले जंतुही उंदरांच्या पिलांत, सुटेच वाढलेल्या जंतूंहून अधिक जोमानें रुजले. म्हणजे वस्तींत वाढल्यानें जंतूचा स्वभावच पालटतो.

उपाय घरींच आहे. जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळल्यानें बांगलादेशांतील खेड्यांत पटकी सुमारें निम्म्यानें घटल्याचें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र सुटे जंतु कापडांतून निसटतात. म्हणून पाणी गाळून उकळावें व घागर रोज घांसावी, अशी पालकांसही आमची विनंति आहे.